विमान आपले, इंजिन परके

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरमध्ये तयार झालेल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण केले. ओझरची ही तेजसची तिसरी उत्पादन साखळी. आधीच्या दोन बेंगळुरूत आहेत. महाराष्ट्रात या घटनेचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. त्याच काळात या विमानाची दुसरी बाजूही सर्वांना ठाऊक होती. हवाई दलाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा ८३ विमानांची सुमारे ४८ हजार कोटी रुपयांची मागणी नोंदवली. तिची पूर्तता लांबली. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून एफ-४०४ इंजिने वेळेवर आली नाहीत. पुढे आणखी ९७ विमानांची मागणी आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेजस बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे ‘एचएएल’ने, त्याच कंपनीशी ११३ इंजिनांचा नवा करार केला. सांगाडा, पंख, त्यांमागचे गणित, उड्डाण-नियंत्रणाची प्रणाली हे सारे आपल्याला जमले. इंजिन मात्र विकतच आणावे लागते आहे.

संरक्षण खरेदीतील दिरंगाई हा या लेखाचा विषय नाही. देशाच्या जडणघडणीत उद्योगपतींचा आणि तरुणांचा वाटा कोणता, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा दोन आकड्यांत दिले जाते. उद्योगपतींनी किती देणग्या दिल्या आणि तरुणांना किती नोकऱ्या मिळाल्या, हे ते दोन आकडे. दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण त्यांनी प्रश्न सुटत नाही. ज्या कामाचे फळ वीस वर्षांनी मिळेल, कदाचित मिळणारही नाही, असे काम कोण अंगावर घेतो आणि ते कोणत्या वयाच्या माणसांच्या हाती सोपवतो, यावर राष्ट्राची कुवत ठरते. बेंगळुरूच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे जागोजागी सापडतात, आणि त्यांतली बरीच मराठी मुलखाशी जोडलेली आहेत.

ज्या कंपनीच्या कारखान्यांतून तेजस बाहेर पडते, तिचा पाया सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाने घातला. वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात केली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या रूपाने ते ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला भिडले. १९३९ मध्ये एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली तेव्हा चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. चीनमध्ये जे होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, या विचाराने वालचंदांनी पाठपुरावा सुरू केला. मुंबई प्रांतात जागा शोधत बसण्याऐवजी ते म्हैसूर संस्थानाकडे गेले. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली आणि संस्थानाने २५ लाख रुपयांचे भांडवल घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली गेली. पुढच्या वर्षी, १९४१ च्या उन्हाळ्यानंतर, अमेरिकेतून आलेल्या भागांतून जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान इथून उडाले.

वालचंदांच्या हाती ही कंपनी फार काळ राहिली नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना युद्धकार्याला लावला. व्यापारी हिशेबाने पाहिले तर हा दीड वर्षाचा उद्योग. त्याच सुमाराला ते विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारत होते आणि मोटारगाड्यांच्या कारखान्यासाठीही धडपडत होते. मोटारींच्या योजनेमागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची प्रेरणा होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई इलाख्यात अनेक वर्षे नोकरी केलेले विश्वेश्वरय्या हा कारखाना म्हैसूर संस्थानात व्हावा म्हणून झटले. ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही आणि अखेर प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईच्या कुर्ल्यात उभी राहिली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही कामे एका माणसाने, परकी सत्ता असताना, गिऱ्हाईक कोण असेल याची खात्री नसताना हाती घेतली. त्यांच्या धंद्याच्या पद्धतींविषयी मतभेद असू शकतात आणि त्या काळीही होते; पण कामाची निवड करताना त्यांनी सोपी वाट धरली नाही, हे मान्य करावेच लागते.

आता कारखान्यातल्या माणसांकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळ हसूरचंपू नावाचे गाव आहे. विष्णू माधव घाटगे तिथले, जन्म १९०८ चा. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचे आधुनिक शास्त्र ज्यांच्या कामातून उभे राहिले, ते हे प्रांटल. इतके शिकून परतलेल्या तरुणाला त्या वेळच्या हिंदुस्थानात काम देणारी जागाच नव्हती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली तेव्हा घाटगे ३२ वर्षांचे होते. तिथे युद्धकाळात त्यांनी सैनिक वाहून नेणाऱ्या ग्लायडरचा आराखडा केला. डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तो उभा करण्यातही त्यांचा हात होता. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ हे त्यांच्या आराखड्याचे प्रशिक्षण विमान उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली आणि वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. काही विमाने घानालाही गेली.

या घटनाक्रमातली एक गोष्ट आज विशेष ध्यानात घ्यायला हवी. घाटग्यांना कारखाना मिळाला तेव्हा त्यांच्यासमोर भारतात कुणीही ज्येष्ठ विमान-रचनाकार नव्हता. आपण चुकलो तर विचारायचे कुणाला, हा प्रश्न त्यांच्या पिढीला रोज पडत असेल. आराखडा करण्याचा अधिकार तरीही त्यांच्या हाती होता आणि विभागात शिकलेले विद्यार्थी थेट कारखान्यात जात होते. संस्था आणि कारखाना यांत फारतर दहा-बारा किलोमीटरचे अंतर. शिकणारे, शिकवणारे आणि बनवणारे एकाच शहरात, एकमेकांना ओळखणारे. बेंगळुरू हे देशाच्या विमानविद्येचे केंद्र झाले ते या जवळिकीमुळे. हवामानाचा गोडवा नेहमी गायला जातो, त्याचा वाटा यात फार थोडा.

पुढे काय झाले? जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली इथेच मारुत हे जेट लढाऊ विमान तयार झाले आणि जून १९६१ मध्ये उडाले. रचना उत्तम होती. तिला साजेसे शक्तिमान इंजिन मिळाले नाही, म्हणून ते विमान आयुष्यभर आपल्या क्षमतेपेक्षा कमी वेगाने उडत राहिले. तेजससाठी कावेरी हे इंजिन बनवण्याचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. बेंगळुरूच्याच गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे तो होता. त्याच्या उंचावरील चाचण्यांची सोय देशात नव्हती, त्यासाठी रशियाला जावे लागले. २००८ मध्ये तेजस आणि कावेरी यांची फारकत करण्यात आली. हार्लोपासून तेजसपर्यंत आठ दशकांचा प्रवास झाला आणि लढाऊ विमानांच्या टप्प्यांवर अडचण पुन्हा त्याच जागी आली.

इंजिनच का अडते, हे थोडे तपशिलात सांगायला हवे. जेट इंजिनाच्या टर्बाइनमधली पाती ज्या वायूच्या झोतात फिरतात, त्याचे तापमान ती पाती ज्या मिश्रधातूची केलेली असतात त्याच्या वितळण्याच्या तापमानाहूनही जास्त असते. तरीही ती वितळता कामा नयेत. त्यासाठी संपूर्ण पाते धातूच्या एकाच स्फटिकाचे ओतावे लागते, आतून हवा खेळवणारे अतिसूक्ष्म मार्ग ठेवावे लागतात, वर उष्णतारोधक थर द्यावा लागतो. हे पुस्तकात वाचता येते. ओतकाम करणाऱ्या हातांना आणि भट्टीचे तापमान राखणाऱ्या डोळ्यांना ते जमायला मात्र हजारो पाती वाया जावी लागतात. पैसे सतत जातात, दाखवायला वर्षानुवर्षे काही नसते, आणि एखादा प्रकल्प मध्येच बंद पडला तर शिकलेली माणसे पांगून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. असे काम तिमाही ताळेबंदाच्या चौकटीत बसत नाही आणि पाच वर्षांच्या सरकारी मुदतीतही बसत नाही. ते धरून ठेवणारी माणसे लागतात.

मग आपल्या तरुणांत ती कुवत नाही असे म्हणायचे का? याचे उत्तरही बेंगळुरूतच आहे. शहराच्या पूर्वेला व्हाइटफील्डमध्ये जनरल इलेक्ट्रिकचे जॉन एफ. वेल्च तंत्रज्ञान केंद्र २००० सालापासून चालते. जगभरच्या प्रवासी विमानांना बसणाऱ्या आधुनिक इंजिनांच्या रचनेवर आणि विश्लेषणावर तिथले भारतीय अभियंते काम करतात. त्यांत मराठी मुले-मुलीही आहेत. म्हणजे ज्या कंपनीच्या इंजिनांसाठी ‘एचएएल’ वाट पाहते, तिच्या इंजिनांचे काम करणारी बुद्धी त्याच शहरात राहते. अशा परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक केंद्रे आज भारतात आहेत आणि सर्वांत जास्त बेंगळुरूत. तिथे नोकरी करणाऱ्यांना दोष देण्याचे काहीही कारण नाही. चांगले काम, चांगला पगार आणि शिकण्याची संधी जिथे मिळेल तिथे तरुण जाणारच. त्या कामाचे पेटंट, त्यातून होणारा नफा आणि पुढे काय बनवायचे याचा निर्णय मात्र आपल्या हाती राहत नाही. तो हाती घेण्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न भारतीय उद्योगधुरीणांना विचारला पाहिजे.

भारत संशोधन आणि विकासावर आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. चीनचा खर्च अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या जवळ. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे या खर्चातला उद्योगांचा वाटा. आपल्याकडे तो एक-तृतीयांशाच्या थोडा वर आहे आणि उरलेला भार सरकार उचलते. अमेरिका, चीन, कोरिया या देशांत सत्तर टक्क्यांहून अधिक भार उद्योग उचलतात. कंपनी कायद्याने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. शाळांना बाक मिळाले, गावांत पाण्याच्या टाक्या आल्या, हे चांगले झाले. आपल्या स्वतःच्या धंद्यातले सर्वांत अवघड काम शोधून त्यावर दोन टक्के लावण्याचे बंधन मात्र कुठलाच कायदा घालू शकत नाही. ते बंधन स्वतःवर घालून घ्यावे लागते.

उद्योगांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. स्वातंत्र्यानंतर विमाने, जहाजे, संरक्षणसामग्री ही क्षेत्रे दीर्घकाळ सरकारने आपल्याकडेच ठेवली. ज्यांना उतरायचे होते त्यांना परवाने मिळाले नाहीत. आजही संरक्षणात सरकार हे जवळपास एकमेव गिऱ्हाईक. त्याने मागणी बदलली किंवा पैसे थकवले तर लहान कारखानदार बुडतो. भांडवल महाग आहे. बेंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून एखादा सुटा भाग उत्तम बनवून देणारे उद्योजक आहेत, पण पुढच्या वर्षी तेवढीच मागणी येईल याची हमी त्यांना कुणी देत नाही. असे असताना वीस वर्षांच्या कामावर घर गहाण ठेवा, असे कुणाला सांगायचे? यातले बरेचसे आता बदलू लागले आहे. २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. मे २०२५ मध्ये पुढच्या पिढीच्या ‘एएमसीए’ लढाऊ विमानाच्या कामात खासगी उद्योगांना ‘एचएएल’च्या बरोबरीने स्पर्धेत उतरण्याची मुभा मिळाली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंजुरी दिली. दारे उघडत असताना आत जायला कोण तयार आहे, हे येत्या काही वर्षांत दिसेल.

दीर्घ पल्ल्याच्या दानाने काय साधते, याचा देशातला सर्वांत मोठा पुरावाही याच शहरात आहे. जमशेटजी टाटांनी आपल्या मुंबईतल्या मालमत्तेतून सुमारे ३० लाख रुपयांची संपत्ती एका विज्ञान संस्थेसाठी बाजूला काढली. म्हैसूरच्या राजघराण्याने ३७१ एकर जमीन दिली. १९०४ मध्ये टाटा गेले, १९०९ मध्ये संस्थेला सरकारी मान्यता मिळाली, १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. दात्याने आपल्या संस्थेचा एकही विद्यार्थी पाहिला नाही. भारतीय विज्ञान संस्था हे नाव असूनही बेंगळुरूचे जुने लोक आजही तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात.

या संस्थेचे दार सर्वांसाठी उघडे होते असे मात्र नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी तिथे प्रवेश मागितला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई बेंगळुरूला गेल्या, कारण विचारले, आणि प्रवेश मिळेपर्यंत हटायचे नाही असे ठरवून सत्याग्रहाची भाषा बोलल्या. अखेर एक वर्षाच्या परीक्षेवर, नियमित विद्यार्थिनी न मानता, त्यांना घेतले गेले. संस्थेतले शिक्षक श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरानंतर रामन यांचे मत पालटले आणि मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, लग्नानंतर कमला सोहोनी. उद्योगपती पैसा देतो आणि राजा जमीन देतो. पण ती संस्था खऱ्या अर्थाने राष्ट्राची होण्यासाठी विशीतल्या एका मुलीला दारात उभे राहावे लागले. तरुणांच्या वाट्याला येणारे काम केवळ आज्ञाधारक मेहनतीचे नसते, हे यातून कळते.

खानदेशातले अमळनेर हे या कहाणीतले आणखी एक गाव. तिथे प्रतापशेठांची कापडगिरणी होती. त्यांच्या पैशातून प्रताप हायस्कूल चालले आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी या मंदिरात शिकले आणि त्याच हायस्कुलात शिक्षक झाले. याच अमळनेरमध्ये डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तूप बनवणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. १९६६ मध्ये वडील अचानक गेल्याने अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमधले शिक्षण अर्धवट सोडून परतले आणि एकविसाव्या वर्षी तिचे प्रमुख झाले. आयबीएमने १९७०च्या दशकाच्या अखेरीस भारत सोडला तेव्हा तूप-साबण विकणाऱ्या या कंपनीने संगणक बनवायचे ठरवले आणि त्यासाठी बेंगळुरू निवडले. ती विप्रो. सुरुवातीला तिने खरोखरच आपला मिनीकॉम्प्युटर बनवला. पुढे आयात खुली झाल्यावर यंत्र बनवण्यापेक्षा सेवा विकणे फायद्याचे ठरले आणि सारा उद्योगच त्या वाटेने गेला. तो निर्णय व्यापारी दृष्ट्या बरोबर होता. देशाने त्यात काय गमावले, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग देऊन टाकला. मार्च २०१९ पर्यंत त्यांनी दानासाठी राखलेल्या रकमेचे मूल्य सुमारे १.४५ लाख कोटी रुपये झाले होते. या पैशातून बेंगळुरूचे विद्यापीठ चालते, अनेक राज्यांतल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर काम चालते. सरकारी शाळांत शिकलेल्या मुलींना पदवीच्या शिक्षणासाठी वर्षाला ३० हजार रुपये देण्याची योजनाही त्यांच्या प्रतिष्ठानने सुरू केली आहे. या दानाचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. नंदन निलेकणी यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे. २००९ मध्ये इन्फोसिसमधले पद सोडून ते ‘आधार’च्या कामाला लागले. बेंगळुरूत बसून तरुण अभियंत्यांनी त्याची तांत्रिक रचना केली आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारच्या वापराविषयी गंभीर आक्षेप आहेत, रेशन नाकारले गेलेल्यांच्या तक्रारीही खऱ्या आहेत. तरीही स्वतःचा वेळ आणि कौशल्य घेऊन सार्वजनिक कामात उतरणे हे चेकवर सही करण्यापेक्षा अधिक मागणारे असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले आणि देशभर वाद झाला. १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू करणाऱ्या मूर्तींसह सात जणांनी तेवढे तास काम केले असणार, यात शंका नाही. ते स्वतःचे काम करत होते. काय करायचे, कुठल्या गिऱ्हाइकाकडे जायचे, कशात धोका पत्करायचा हे तेच ठरवत होते, आणि यशातला वाटाही त्यांचा होता. संगणक सेवा कंपन्यांत आज रुजू होणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ तीन ते चार लाखांच्या घरात रेंगाळला आहे. दुसऱ्याच्या जुन्या प्रणालीत दुरुस्त्या करण्याचे काम असते. कसली चूक करायची मुभा नसते, कारण कसला निर्णयच त्यांच्या हाती नसतो. अशा तरुणाकडून सत्तर तासांची अपेक्षा करण्याआधी त्याला असे काम द्यावे लागेल, की घरी गेल्यावरही ते डोक्यातून जाणार नाही. तासांची चर्चा मग करावीच लागणार नाही.

तरुणांकडूनही काही मागायला हवे. आपल्याकडची हजारो घरे मुलांच्या शिक्षणावर कर्ज काढतात, आणि पहिल्या पगाराची निकड खरी असते. ज्यांच्यावर तो भार नाही, त्यांनी तरी सर्वांत सुरक्षित वाट धरू नये. पिलानीच्या बिट्समध्ये शिकत असतानाच अवैस अहमद आणि क्षितिज खंडेलवाल यांनी उपग्रह बनवायचे ठरवले आणि २०१९ मध्ये पिक्सेल ही कंपनी बेंगळुरूत उभी केली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे पहिले तीन फायरफ्लाय उपग्रह अवकाशात गेले. पिकांचे आणि पाण्याचे बारकावे टिपणारे हे उपग्रह आहेत. या दोघांमागे इस्रोने या शहरात घडवलेली अनुभवी माणसे आणि सुट्या भागांचे कारखानदार उभे होते. धोका पत्करणाऱ्या तरुणाला आधार द्यायला आधीच्या पिढीने काहीतरी उभे केलेले असावे लागते.

हा सारा विचार फक्त पदवीधर अभियंत्यांपुरता ठेवणे चूक ठरेल. एकस्फटिकी पाते ओतणारा, यंत्रावर मिलिमीटरच्या सहस्रांशाचा फरक ओळखणारा कारागीर आयटीआयमधून येतो. बेळगावच्या मातीतून निघून किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी अर्धशिक्षित गावकऱ्यांना हाताशी धरून लोखंडी नांगर बनवला आणि ती माणसे घडवली. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी १९४६ मध्ये बेंगळुरूत विद्युत मोटर यंत्रांचा कारखाना काढला आणि नंतर विक्रम किर्लोस्करांच्या काळात बेंगळुरूजवळच्या बिडदीला टोयोटाबरोबर भागीदारी झाली. बिडदीला २००७ पासून या उद्योगाची एक तांत्रिक प्रशिक्षण संस्था चालते. दहावी झालेल्या, गरीब घरांतल्या ग्रामीण मुलांना तिथे तीन वर्षे राहून-खाऊन, फी न भरता शिकता येते. तिथे आधी हाताला शिस्त लावतात, मग यंत्र हाती देतात. अशा संस्था प्रत्येक मोठ्या उद्योगाने काढाव्यात एवढी आपली गरज आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. अनेक ठिकाणी ही मुले स्वस्त मजूर म्हणून वापरली जातात आणि वर्ष संपले की परत पाठवली जातात. ती कायद्याची थट्टा आहे आणि उद्योगाचे स्वतःचेच नुकसान.

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव इथून दररोज रात्री बेंगळुरूकडे बस निघतात आणि त्यांत पंचविशीच्या आतली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांतली कित्येक आलेली असतात, त्याला वालचंदांचेच नाव आहे. या मुलांना नोकरी लागली का, हे विचारणारे खूप भेटतात. ज्या कंपन्या त्यांना घेतात, त्यांनी वार्षिक अहवालात आणखी दोन गोष्टी छापाव्यात. विक्रीच्या किती टक्के रक्कम स्वतःच्या मालकीच्या तंत्रज्ञानावर खर्च केली, ही एक. आणि नव्या उत्पादनाच्या किती गटांचे नेतृत्व पस्तिशीच्या आतल्या व्यक्तींकडे आहे, ही दुसरी. भागधारकांनी सर्वसाधारण सभेत त्यांविषयी प्रश्न विचारावेत. अमळनेरच्या ज्या घरांनी विप्रोचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना तर तो अधिकार आहेच. महाविद्यालयांनी कॅम्पस मुलाखतीसाठी येणाऱ्या कंपन्यांपुढे हीच माहिती देण्याची अट ठेवावी, आणि शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी पगाराचा आकडा विचारण्याच्या जोडीने ‘मला काय बनवायला मिळेल’ हे विचारावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. येत्या भरती-हंगामापासून ते सुरू करता येईल.